अंकीय नभोवाणी आणि स्थानिक प्रक्षेपण

ध्वनीचे रूपांतर संख्यांच्या मालिकेत करून ती मालिका रेडिओ तरंगांद्वारे श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्याच्या पद्धतीस अंकीय नभोवाणी म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धती यूरोपात प्रचारात आली. त्या वेळी तिच्याविषयी दोन आश्वासने देण्यात आली होती : आवाज ध्वनितबकडीइतका निर्मळ असेल आणि केंद्रांची संख्या पुष्कळ वाढेल. ही दोन्ही आश्वासने एकाच मर्यादित साठ्यातून पुरी करावयाची असल्यामुळे एकाची पूर्तता दुसऱ्याच्या मुळावर आली. या ओढाताणीत लहान गावाचे वा एखाद्या नगराचे स्थानिक केंद्र बरीच वर्षे बाजूला पडले. ध्वनीची प्रत आणि स्थानिक केंद्राचा आवाका हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. तरंगांची क्षमता कोणाच्या हाती राहावी व तिची वाटणी कोणत्या निकषाने व्हावी, हा तो मूळ प्रश्न होय. ब्रिटनमधील घडामोडींत तो विशेष स्पष्टपणे दिसत असल्याने प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्या आधारे केले आहे.

पूर्वपीठिका : नभोवाणीचा प्रारंभच स्थानिक स्वरूपाचा होता. १९२२ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने (पुढील काळातील बीबीसीने) लंडन, बर्मिंगहॅम व मँचेस्टर येथून प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा प्रत्येक प्रेषकाचा आवाका त्या त्या नगराभोवतीच्या प्रदेशापुरता होता. १९२५ मध्ये डॅव्हेंट्री येथे दीर्घलहरींवरील शक्तिमान प्रेषक उभारला गेला आणि १९२९ पासून मोठ्या प्रादेशिक केंद्रांची योजना अंमलात येऊ लागली. यानंतर नगरकेंद्रांचे स्वतंत्र अस्तित्व संपत गेले. अधिक शक्तीचा प्रेषक उभारला, की अधिक लोकांना ऐकू जाते; परंतु त्याच प्रमाणात कार्यक्रम श्रोत्याच्या दारापासून दूर जातो, ही गोष्ट नभोवाणीच्या पहिल्या दशकातच अनुभवास आली.

या परिस्थितीत बदल होण्यास अतिउच्च कंप्रतेचे तरंग कारणीभूत ठरले. २ मे १९५५ रोजी केंट परगण्यातील रॉथॅम येथून बीबीसीने कंप्रता विरूपण म्हणजेच एफ.एम. पद्धतीने नियमित प्रक्षेपण सुरू केले. हे तरंग साधारणपणे क्षितिजापलीकडे फारसे जात नाहीत. ही मर्यादा स्थानिक नभोवाणीच्या दृष्टीने लाभदायक ठरली, कारण पुरेशा अंतरावरील दोन नगरांना एकच कंप्रता वापरता येऊ लागली. पिल्किंग्टन समितीने १९६२ मध्ये बीबीसीने स्थानिक केंद्रे चालवावीत, अशी शिफारस केली. फ्रँक गिलर्ड या अधिकाऱ्याने या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. अखेर ८ नोव्हेंबर १९६७ रोजी लेस्टर येथे बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले आणि त्यापाठोपाठ शेफील्ड, नॉटिंगहॅम, लीड्स इ. ठिकाणी केंद्रे निघाली.

प्रारंभी ही केंद्रे केवळ अतिउच्च कंप्रतेवर ऐकू येत, आणि त्या काळी पुष्कळ घरांत तशी सोय असलेले रेडिओ ग्राही नव्हते. त्यामुळे सभोवतीच्याच अनेकांना आपल्या गावचे केंद्र ऐकता येत नसे. पुढे मध्यमलहरींची जोड मिळाल्यानंतर ही अडचण दूर झाली. नवे तंत्र आधी येते आणि श्रोत्याच्या घरातील यंत्र मागाहून बदलते. या मधल्या काळाची झळ लहान केंद्राला अधिक बसते, हा अनुभव पुढे अंकीय पद्धतीच्या वेळी पुन्हा आला. १९७२ च्या कायद्यान्वये व्यापारी स्थानिक केंद्रांनाही परवानगी मिळाली व ऑक्टोबर १९७३ मध्ये लंडन येथे अशी पहिली दोन केंद्रे सुरू झाली.

स्थानिक केंद्राचे सामाजिक मोल लेस्टरच्याच उदाहरणावरून कळते. पूर्व आफ्रिकेतून व भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांची तेथील वस्ती वाढल्यावर या केंद्राने १९७० नंतरच्या दशकात त्यांच्यासाठी खास कार्यक्रम सुरू केला. त्यातूनच पुढे बीबीसीची आशियाई वाहिनी विकसित झाली. देशव्यापी वाहिनीला ज्या श्रोतृवर्गाची दखल घेण्यास अवधी लागला असता, तो एका नगराच्या केंद्राला आपल्या शेजारीच आढळला.

अंकीय पद्धतीचा उगम : ध्वनीचे अंकीय रूप प्रथम श्रोत्याच्या ग्राहीत आले नाही, तर पडद्यामागील जोडण्यांत आले. ध्वनिगृहापासून प्रेषकापर्यंत कार्यक्रम नेण्यासाठी बीबीसीने १९७२ पासून अंकीय पद्धतीचा वापर सुरू केला. तीत ध्वनीचे दर सेकंदास ३२,००० नमुने घेतले जात व प्रत्येक नमुना १३ अंकांत मांडला जाई. म्हणजे एफ.एम. पद्धतीचा जो आवाज श्रोते उत्तम मानीत, तो वाटेत अंकीय रूपातूनच आलेला असे. यावरून अंकीय रूपामुळे आवाज आपोआप बिघडतो असे नाही आणि आपोआप सुधारतो असेही नाही, हे लक्षात येते. किती अंक खर्च केले जातात, यावर सर्व काही अवलंबून असते.

१९८० नंतर बाजारात आलेल्या ध्वनितबकडीत दर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती साठविलेली असते. इतकी माहिती जशीच्या तशी तरंगांवरून पाठविण्यास फार मोठी जागा लागली असती. हा प्रश्न सोडविण्यासाठी १९८७ मध्ये यूरोपीय देशांतील संशोधन संस्था, प्रक्षेपण संस्था व उद्योग यांनी एकत्र येऊन युरेका १४७ हा प्रकल्प हाती घेतला. त्यातून तयार झालेली पद्धती डॅब या नावाने ओळखली जाते. १९८८ मध्ये जिनीव्हा येथे तिचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले.

डॅब पद्धती दोन कल्पनांवर आधारलेली आहे. पहिली कल्पना मानवी श्रवणाच्या मर्यादेशी निगडित आहे. मोठा आवाज चालू असता त्याच्या निकटच्या कंप्रतेचा बारीक आवाज कानास जाणवत नाही. तेव्हा असा न जाणवणारा भाग कमी अंकांत मांडला किंवा वगळला, तरी चालते. या संपीडनामुळे माहितीचा ओघ मूळच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत खाली आणता येतो. दुसरी कल्पना प्रेषणासंबंधी आहे. संपूर्ण माहिती एकाच वाहक तरंगावर न लादता ती सुमारे दीड हजार अरुंद वाहकांवर विभागली जाते. इमारतींवरून वा डोंगरांवरून परावर्तित होऊन उशिरा येणारे तरंग एफ.एम. पद्धतीत आवाज विकृत करतात. डॅबमध्ये प्रत्येक संकेतचिन्हाच्या आधी २४६ मायक्रोसेकंदांचा रक्षक अवधी ठेवलेला असल्याने, तेवढ्या विलंबाने येणारे तरंग ग्रहणास मदतच करतात. तेवढ्या वेळात रेडिओ तरंग सुमारे ७४ किमी. अंतर कापतो. त्यामुळे अनेक प्रेषक एकाच कंप्रतेवर, परस्परांना बाधा न आणता, तोच कार्यक्रम पाठवू शकतात.

एकच कार्यक्रम देशभर पोहोचविणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. प्रत्येक नगरात वेगळा कार्यक्रम देणाऱ्या केंद्रांना मात्र तिचा विशेष उपयोग नव्हता. पद्धतीच्या आखणीतच मोठ्या प्रक्षेपकाच्या गरजेला अग्रस्थान मिळाले होते.

क्षमतेची वाटणी व ध्वनीची प्रत : डॅबमध्ये एक केंद्र म्हणजे एक कंप्रता हे जुने समीकरण राहत नाही. सुमारे १.५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या एका गटातून अनेक केंद्रांचे कार्यक्रम एकत्रितपणे पाठविले जातात. या एकत्रित वाहकास मल्टिप्लेक्स म्हणतात. त्रुटिसंरक्षणाची नेहमीची पातळी धरली, तर एका मल्टिप्लेक्समधून दर सेकंदास सुमारे १,१५२ किलोबिट उपयुक्त माहिती जाते. १९२ किलोबिटांचा दर ठेवल्यास त्यात सहा केंद्रे बसतात, १२८ किलोबिटांचा ठेवल्यास नऊ आणि ६४ किलोबिटांचा ठेवल्यास अठरा. पहिल्या पिढीतील संपीडन पद्धतीने संगीताचा उत्तम द्विमार्गी म्हणजे स्टेरिओ आवाज देण्यास २२४ ते २५६ किलोबिट लागतात, असा बीबीसीच्या संशोधन विभागाचाच निष्कर्ष होता. त्या दराने एका मल्टिप्लेक्समध्ये चार-पाच केंद्रेच मावतात.

बीबीसीने २७ सप्टेंबर १९९५ रोजी डॅब प्रक्षेपणास प्रारंभ केला, तेव्हा वाहिन्या थोड्या असल्याने आवाजास भरपूर जागा होती. मात्र ग्राही अत्यंत महाग असल्याने श्रोते जवळजवळ नव्हतेच. १९९६ च्या कायद्याने व्यापारी मल्टिप्लेक्ससाठी परवान्यांची व्यवस्था केली. १५ नोव्हेंबर १९९९ रोजी देशव्यापी व्यापारी मल्टिप्लेक्स आणि २००० पासून स्थानिक मल्टिप्लेक्स सुरू झाले. २००२ मध्ये १०० पौंडांच्या आतील ग्राही बाजारात आले. त्याच वर्षी बीबीसीने संगीत, क्रीडा, नाट्य इ. विषयांच्या अनेक नव्या वाहिन्या सुरू केल्या. नव्या वाहिन्यांमुळेच लोक नवे ग्राही घेतील, हा त्यामागील हिशेब होता व तो बराचसा खरा ठरला. मात्र मल्टिप्लेक्सची क्षमता तीच राहिली. तिच्यात अधिक वाहिन्या बसविण्यासाठी प्रत्येकीचा वाटा कमी करावा लागला. बहुतेक संगीत वाहिन्या १२८ किलोबिटांवर आल्या, तर कित्येक व्यापारी वाहिन्या एकमार्गी आवाजात ऐकू येऊ लागल्या.

२००६ मध्ये या प्रश्नास जाहीर वादाचे स्वरूप आले. अभिजात संगीतास वाहिलेल्या रेडिओ थ्री या वाहिनीचा दर बीबीसीने १९२ वरून १६० किलोबिटांवर आणला. वाद्यवृंदातील तंतुवाद्यांचा पोत, टाळ्यांचा कडकडाट, झांजांचा झंकार यांसारखे गुंतागुंतीचे ध्वनी संपीडनात प्रथम बिघडतात. जाणकार श्रोत्यांनी हा बदल ताबडतोब ओळखला व तक्रारी केल्या. त्यानंतर इतर वाहिन्यांची गरज नसेल तेव्हा १९२ चा दर द्यावयाचा, असे धोरण बीबीसीने स्वीकारले. म्हणजे एखाद्या क्रीडासामन्याचे धावते वर्णन चालू झाले, की संगीताच्या वाट्याचे काही अंक तिकडे वळविले जात. अंकीय नभोवाणीत ध्वनीची प्रत हा पद्धतीचा स्थिर गुण नसून वाटणीचा तात्कालिक परिणाम असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

२००७ मध्ये डॅब प्लस ही सुधारित आवृत्ती प्रमाणित झाली. तिच्यातील नव्या संपीडन पद्धतीमुळे निम्म्याहून कमी दरातही चांगला आवाज देता येतो आणि त्रुटिसंरक्षणही अधिक चांगले असते. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये थेट या आवृत्तीनेच प्रारंभ केला. ब्रिटनने आधी सुरुवात केलेली असल्याने तेथील लक्षावधी घरांत जुने ग्राही होते व त्यांना नवी आवृत्ती वाचता येत नव्हती. म्हणून तेथे देशव्यापी पातळीवर डॅब प्लसचा वापर २०१६ मध्ये सुरू झाला. या बचतीचा उपयोगही बहुधा आवाज सुधारण्यासाठी न होता आणखी वाहिन्या बसविण्यासाठीच झाला. काही वाहिन्यांना अवघे ३२ किलोबिट देण्यात आले.

ग्रहणातील फरक : एफ.एम. ग्राहीत संदेश दुर्बल होऊ लागला, की आवाजात हळूहळू खरखर वाढते. तरीही बोलणे दीर्घकाळ समजत राहते. अंकीय ग्राहीत त्रुटिसंरक्षण पुरे पडते तोवर आवाज स्वच्छ असतो. ती मर्यादा ओलांडली, की जुन्या डॅबमध्ये पाण्यातून बुडबुडे यावेत तसा ध्वनी येतो आणि नंतर संपूर्ण शांतता पसरते. त्यामुळे ‘आवाका’ या शब्दाचा अर्थच बदलतो. एफ.एम. प्रेषकाच्या सीमेवरचा खेडूत तार लांबवून, ग्राही खिडकीत ठेवून कसेबसे ऐकू शकतो. अंकीय प्रक्षेपणात त्याला एक तर सर्व मिळते वा काहीच मिळत नाही. जाड भिंतींच्या घरांत, दऱ्यांमध्ये व आडवळणाच्या रस्त्यांवर हा फरक अधिक जाणवतो.

स्थानिक केंद्रांची कोंडी : ब्रिटनमध्ये डॅबसाठी प्रारंभी २१७.५ ते २३० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील सात गट मिळाले होते. देशव्यापी वाहिन्यांना त्यांतील गट दिल्यावर जे उरले, त्यांत सर्व स्थानिक मल्टिप्लेक्स बसवावयाचे होते. त्यामुळे प्रत्येकाचे क्षेत्र एका परगण्याएवढे किंवा महानगराएवढे ठेवणे भाग पडले. एका छोट्या नगरापुरत्या केंद्राला या मल्टिप्लेक्समध्ये जागा घ्यावयाची, तर ज्या प्रदेशात त्याचे श्रोतेच नाहीत अशा प्रदेशाचेही भाडे भरावे लागे. शिवाय प्रेषक आता केंद्राच्या मालकीचा राहिला नव्हता. मल्टिप्लेक्सचा परवाना स्वतंत्र कंपनीकडे असे व जागा कोणाला, कोणत्या दराने द्यावयाची, यात तिचा शब्द महत्त्वाचा ठरे. बीबीसीच्या स्थानिक केंद्रांसाठी या मल्टिप्लेक्समध्ये कायद्याने जागा राखून ठेवली होती. पण जेथे मल्टिप्लेक्सच उभा राहिला नाही, तेथे त्या तरतुदीचा उपयोग नव्हता.

जून २००९ मधील ‘डिजिटल ब्रिटन’ या शासकीय अहवालात २०१५ पर्यंत देशव्यापी व मोठी स्थानिक केंद्रे एफ.एम. वरून हलविण्याचे उद्दिष्ट मांडले गेले. निम्मे श्रवण अंकीय मार्गाने होणे आणि स्थानिक डॅब ९०% लोकसंख्येपर्यंत व सर्व प्रमुख रस्त्यांवर पोहोचणे या त्यासाठीच्या प्रमुख अटी होत्या. लहान केंद्रांनी एफ.एम. वरच राहावे, अशी योजना होती. श्रोत्यांनी एफ.एम. पट्टा लावणेच सोडून दिल्यास तेथे एकाकी उरलेल्या केंद्राचे काय होणार, ही त्या केंद्रांची साधार भीती होती. डिसेंबर २०१३ मध्ये शासनाने स्थलांतराची तारीख निश्चित करणे टाळले आणि त्याऐवजी स्थानिक डॅबच्या विस्तारासाठी बीबीसी व व्यापारी संस्थांसह निधीची व्यवस्था केली. नवे प्रेषक उभारल्यावर स्थानिक व्यापारी मल्टिप्लेक्सचा आवाका सुमारे ७२% घरांवरून ९०% च्या आसपास गेला. अंकीय श्रवणाने निम्म्याची मर्यादा २०१८ च्या पहिल्या तिमाहीत ओलांडली, तरीही एफ.एम. बंद करण्याचा निर्णय झाला नाही. २०२१ मधील शासकीय आढाव्यात एफ.एम. निदान २०३० पर्यंत चालू ठेवण्याची शिफारस करण्यात आली.

लहान केंद्रांची कोंडी फोडणारी वाट प्रयोगातून निघाली. ऑफकॉम या नियंत्रक संस्थेतील अभियंते रशीद मुस्तफा यांनी २०१२ मध्ये ब्रायटन येथे एक साधा संगणक, सर्वांस मुक्तपणे उपलब्ध असलेली संगणकप्रणाली व अल्पशक्तीचा प्रेषक यांच्या साहाय्याने छोटा मल्टिप्लेक्स चालवून दाखविला. त्या प्रणालीचा पाया कॅनडातील एका शासकीय संशोधन केंद्रात घातला गेला होता. खर्च एकदम खाली आला. २०१५ मध्ये ब्रिस्टल, नॉरिच, ग्लासगो इ. दहा ठिकाणी चाचण्या झाल्या, २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा संमत झाला आणि २०२१ पासून अशा लघु मल्टिप्लेक्सचे परवाने दिले जाऊ लागले. त्यांत सामुदायिक केंद्रांसाठी जागा राखून ठेवलेली असते. लहान केंद्राला डॅबमध्ये परवडणारी जागा मिळण्यास डॅबच्या प्रारंभानंतर सुमारे पाव शतक लोटले. ही दिरंगाई केवळ तंत्रामुळे झाली, असे म्हणता येत नाही. आवश्यक साधने त्यापूर्वीच उपलब्ध झालेली होती.

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेत बहुसंख्य केंद्रे मुळातच स्थानिक असून प्रत्येकाची स्वतःची कंप्रता आहे. त्यांना सामाईक मल्टिप्लेक्स मान्य होणे कठीण होते. म्हणून २००२ मध्ये तेथे वेगळी पद्धती मंजूर झाली. तीत केंद्राच्या मूळ एफ.एम. तरंगाच्या दोन्ही बाजूंस अल्पशक्तीचा अंकीय संदेश जोडला जातो. केंद्राची मालकी व स्थानिकता त्यामुळे अबाधित राहिली. मात्र अंकीय भागाची शक्ती मूळ तरंगाच्या एक टक्काच असल्याने त्याचा आवाका तोकडा पडू लागला व २०१० मध्ये ती वाढविण्यास परवानगी द्यावी लागली.

नॉर्वेत ११ जानेवारी २०१७ रोजी नूर्लान परगण्यापासून देशव्यापी वाहिन्यांचे एफ.एम. प्रक्षेपण बंद करण्यास सुरुवात झाली व त्या वर्षाच्या डिसेंबरात हे काम पूर्ण झाले. दऱ्याखोऱ्यांच्या देशात प्रत्येक वाहिनीसाठी स्वतंत्र एफ.एम. प्रेषकांची मालिका सांभाळणे खर्चाचे होते. लहान स्थानिक केंद्रे मात्र मुख्यतः एफ.एम. वरच ठेवण्यात आली. स्वित्झर्लंडमधील सार्वजनिक संस्थेने ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपले एफ.एम. प्रक्षेपण थांबविले. याउलट फिनलंडने २००५ मध्येच डॅब सोडून दिले.

भारतातील स्थिती : भारतात एफ.एम. प्रक्षेपणाची सुरुवात १९७७ मध्ये मद्रास (चेन्नई) येथून झाली व आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र १९८४ मध्ये नागरकोइल येथे निघाले. पुढे महाराष्ट्रातही सातारा, बीड, यवतमाळ यांसारख्या ठिकाणी स्थानिक केंद्रे झाली. २००६ मध्ये सामुदायिक नभोवाणीचे धोरण व्यापक झाल्यानंतर माण तालुक्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. अशा केंद्रांच्या प्रेषकांची परिणामी शक्ती सामान्यतः १०० वॉटपर्यंत मर्यादित असते. अंकीय प्रक्षेपणासाठी आकाशवाणीने डॅबऐवजी डीआरएम ही पद्धती निवडली. ती मध्यमलहरींच्या ९–१० किलोहर्ट्‌झ इतक्या अरुंद पट्ट्यातही चालते व एकाच शक्तिमान प्रेषकाने विस्तीर्ण प्रदेश व्यापता येतो. यासाठी तीसहून अधिक प्रेषक उभारण्यात आले. तथापि सामान्य श्रोत्याला परवडतील असे ग्राही त्या प्रमाणात बाजारात आले नाहीत. १९६७ मध्ये लेस्टरच्या श्रोत्यांना जी अडचण आली, तिचेच हे मोठे रूप होय. भारतात खाजगी क्षेत्रासाठी अंकीय नभोवाणीचे धोरण ठरविण्याच्या दृष्टीने दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये शिफारशी केल्या.

मूल्यमापन : ५ डिसेंबर २०१५ च्या रात्री वायव्य इंग्लंडमधील लँकेस्टर येथे वादळी पावसाने नदीचे पाणी विद्युत् उपकेंद्रात शिरले व सुमारे ६१,००० घरांचा वीजपुरवठा बंद पडला. वीज गेल्याने दूरचित्रवाणी, आंतरजाल व लवकरच भ्रमणध्वनीही निरुपयोगी झाले. शहरातील एक स्थानिक केंद्र मात्र जनित्राच्या आधारे एफ.एम. वर बोलत राहिले. ज्यांच्या घरी विद्युत् घटावर चालणारा साधा ग्राही होता, त्यांना बाहेर काय चालले आहे ते त्यावरून कळले. त्या रात्री आवाजाच्या प्रतीस महत्त्व नव्हते. बोलणारे केंद्र आपल्याच गावचे आहे आणि ते ऐकू येत आहे, एवढेच महत्त्वाचे होते.

याचा अर्थ ध्वनीची प्रत गौण आहे असा नव्हे. संगीताच्या श्रोत्याची तक्रार आणि लहान केंद्राची तक्रार या दोन्हींचे कारण समान आहे. उपलब्ध क्षमता वाहिन्यांची संख्या वाढविण्याकडे वळली, तेव्हा एकाचा आवाज पातळ झाला व दुसऱ्याला जागाच मिळाली नाही. डॅब प्लस व लघु मल्टिप्लेक्स यांमुळे दोन्ही गोष्टी साध्य होण्याजोग्या झाल्या आहेत. परंतु त्या आपोआप साध्य होत नाहीत. प्रत्येक वाहिनीस किमान किती अंक द्यावेत, लहान केंद्रासाठी किती जागा राखावी आणि जुने प्रक्षेपण केव्हा बंद करावे, हे निर्णय यंत्र घेत नाही. नव्या पद्धतीचा स्वीकार करणाऱ्या देशांनी हे निर्णय ग्राही घरोघर पोहोचण्यापूर्वीच घेणे इष्ट ठरते. एकदा ते पोहोचल्यावर पद्धती बदलणे किती अवघड होऊन बसते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसून येते.